पिवळ्या पाट्या आणि पापांची तीन मिनिटं

अलास्का,
२८ सप्टेंबर १९९७

ती. मार्ली हिला, धाकट्या रूडीचा नमस्कार. हात तीनदा धुतलेत, तरी कागदाला मासळीचा वास आला तर माफ कर. वि. वि.

आणि पुन्हा तेच! मत पाठवलंस का, मत पाठवलंस का. अगं बाई, मतपत्रिका आधी माझ्यापर्यंत पोचू तर दे. इथे टपाल विमानाने येतं आणि विमान वाऱ्याच्या मर्जीने. तू शाळामंडळाची अध्यक्ष झालीस म्हणून वारा काही तुझं ऐकणार नाही. शिवाय तू लिहितेस की मला शाळेची कधी पर्वाच नव्हती. हे भांडण मी अकरावीत दप्तर फेकलं त्या दिवसापासून चालू आहे, अजून दोन्हीकडचा दम संपलेला नाही.

आता पर्वा आहे, आणि ती स्वार्थापोटी आहे हे कबूल. आमच्या मासळीच्या कारखान्याच्या धक्क्यावर क्रेन आहे. ती चालवणारा म्हातारा मे महिन्यात कायमचा घरी जाणार. दोन हंगाम त्याच्या शेजारी बसून मी सगळं शिकून घेतलं. मॅनेजर म्हणाला, हात चांगला आहे तुझा, पण शाळा पुरी केल्याचा दाखला नसेल तर कंपनी तुला शिडीला हात लावू देणार नाही. आपल्या एल्मरिजच्या हायस्कुलात रात्रीचा वर्ग चालतो, जानेवारीत बस, एप्रिलअखेर दाखला घे, एक पैसा पडत नाही, हे मला सांगितलं कोणी? तू. मी मॅनेजरकडून चार महिन्यांची रजा कबूल करून घेतली. आणि आता लिहितेस, शाळेसाठी घरांवर बसवायची ती जादा शाळापट्टी मतदानात पडली, म्हणजे लोकांनी नाकारली, तर सगळ्यात आधी तो वर्ग बंद होणार. जेवायला बोलावणारी तू आणि दाराला कुलूप लावणारीही तूच.

राज्य सरकारने तुमच्या शाळांना प्रगतिपुस्तक दिलं, ते वाचून मात्र मी खूप हसलो. शंभरातली नव्वद मुलं शाळा पुरी करतात म्हणे. उरलेल्या दहांचा प्रतिनिधी म्हणून माझा फोटो तुझ्या ऑफिसात लाव.

पापांना माझं मत सांगू नकोस. ते कुठल्या बाजूला आहेत ते मी विचारतच नाही, अंदाज आहे.

माया आहे तशी राहू दे, टोमणे थोडे कमी कर.
तुझा,
रूडी


एल्मरिज, ओहायो,
१० ऑक्टोबर १९९७

चि. रूडीस अ. आ. आणि पाठीत एक धपाटा.

तुझा अंदाज बरोबर आहे. पापा शाळापट्टीच्या विरोधात आहेत, आणि नुसते घरात बसून नव्हे. मंडळाच्या दर सभेला येतात. सभेत कुणाही रहिवाशाला तीन मिनिटं बोलता येतं, तुला ठाऊक आहेच. नियमाप्रमाणे आधी नाव आणि पत्ता सांगावा लागतो. तेव्हा माझे वडील, माझ्यापासून दहा फुटांवर उभे राहून, मला सांगतात की माझं नाव एमिल कोवालिक, राहणार फर्नवुड रस्ता. मग सुपरिंटेंडंट साहेबांच्या खोलीत नवा गालिचा कुणाच्या पैशाने आला ते विचारतात. तीन मिनिटं झाली की मी घंटी वाजवते आणि म्हणते, आभारी आहोत, मिस्टर कोवालिक. परवा जाताजाता ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, रविवारी बटाटा भरलेल्या पिरोगी करतोय, डबा घेऊन ये.

गालिच्याचं त्यांचं चुकत नाही. तो मी सभासद होण्याआधीचा, पण उत्तर मलाच द्यावं लागतं. राज्याकडून येणारा पैसा आटलाय, शाळापट्टी याआधी दोनदा पडली, आणि लोकांना आठवतो तो गालिचा.

आता माझा पराक्रम ऐक, आणि हसायचं असेल तर दार लावून हस. लोकांनी घरापुढच्या हिरवळीवर रोवायच्या 'शाळेसाठी हो म्हणा' अशा चारशे पाट्या आम्हाला हव्या होत्या. उधळपट्टीचा ठपका नको म्हणून मी छापखान्यात सगळ्यात स्वस्त काय ते विचारलं. कुणीतरी न नेलेला रंगीत पुठ्ठा होता, अर्ध्या किमतीत मिळाला. मी खूश. पाट्या आल्या त्या नारिंगी, त्यावर काळी अक्षरं. म्हणजे शेजारच्या हार्लन गावाचे रंग! ज्या हार्लनच्या पोरांकडून आपली टीम सलग सहा वर्षं फुटबॉलमध्ये मार खातेय, त्यांचा झेंडा मी एल्मरिजच्या लोकांना आपल्या दारात लावायला सांगत होते. वीससुद्धा लागल्या नाहीत. सामन्याच्या दिवशी आपल्याच बँडच्या पोरांनी मला विचारलं की बाई, तुम्ही नक्की कुठल्या गावच्या?

पापांनी तर ती पाटी चिमट्याने उचलून मला परत आणून दिली. तूच सांग आता काय करू. पट्टी पडली तर तुझा वर्ग मला वाचवता येणार नाही, हे मी तुला खोटं न बोलता सांगते.

जपून राहा, टोपी घालत जा.
तुझी,
मार्लीन


एल्मरिज,
१३ ऑक्टोबर

चि. रूडी, आशीर्वाद.

अक्रोडाचा रोल पाठवलाय. सगळा एकट्याने खाऊ नकोस, बरोबरच्या पोरांना दे.

तुझ्या बहिणीने मला हार्लनची पाटी लावायला सांगितली. सव्वीस वर्षं मी या शाळेची बस चालवली. हार्लनच्या पोरांनी माझ्या बसची काच फोडली ते साल मला आठवतं, तिला आठवत नाही. शिवाय माझं पेन्शन वाढत नाही आणि घरावरची पट्टी वाढते. बसचं छप्पर गळत होतं तेव्हा पैसे नव्हते, गालिच्याला होते. मी 'नाही' म्हणणार. मुलगी अध्यक्ष असली म्हणून काय झालं.

त्या रात्रीच्या वर्गात शिकवतात काय? गणित किती असतं? सहज विचारलं.

एमिल कोवालिक
(तुझा बाप)


अलास्का,
२२ ऑक्टोबर १९९७

ती. पापा आणि ती. मार्ली, दोघांना मिळून एकच नमस्कार, तिकिटाचे पैसे वाचले.

पत्र पापांच्या घरी पाठवतोय, म्हणजे मार्लीला ते वाचायला रस्ता ओलांडून यावं लागेल आणि दोघं एका टेबलाशी बसतील.

मार्ली, मी दार लावून हसलो नाही. जेवणाच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. इथे टेक्सासचा एक आडदांड गडी आहे, फुटबॉल म्हणजे त्याचा देव. तो गंभीर होऊन म्हणाला, आमच्या गावात हे कुणी केलं असतं तर त्या बाईला घर विकून जावं लागलं असतं. तेव्हा एल्मरिजचे लोक फार सज्जन आहेत असं समज.

पापा, तुमच्या गॅरेजात खालच्या फळीवर बसच्या पिवळ्या रंगाचे डबे आहेत. निवृत्त झालात तेव्हा डेपोवाल्यांनी गंमत म्हणून दिलेले. त्याने आजवर तुम्ही फक्त पत्रपेटी रंगवलीत. आपल्या टीमचे रंग निळा आणि पिवळा. पाट्या मार्लीकडे पडून आहेत, रंग तुमच्याकडे पडून आहे, मध्ये फक्त एक रस्ता आहे. तुम्ही 'नाही' म्हणा, खुशाल म्हणा. पण तुमच्या पोरीला अख्खं गाव हार्लनची म्हणतंय हे तुम्हाला चालतं का, एवढंच विचारतो.

मत मी टाकलं, 'हो' टाकलं, आणि विमानात चढताना पाहिलं. मॅनेजर म्हणतो, मेपर्यंत क्रेन तुझ्यासाठी थांबवतो, त्यापुढे नाही. मी इथे पाच वर्षांत सात कामं बदलली. हे एकच आहे जे सोडून पळावंसं वाटत नाही. उंचावर बसलं की माझे पाय आपोआप शांत होतात.

गणित थोडं असतं म्हणे, पापा. तुम्हाला कशाला हवंय?

दोघांच्या भांडणात माझा वाटा राखून ठेवा.
रूडी


एल्मरिज,
२४ नोव्हेंबर १९९७

चि. रूडीस अनेक आशीर्वाद.

वाईट बातमी आधी सांगून टाकते. शाळापट्टी पडली. एकतीस मतांनी.

पण मधलं ऐक. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पापा हातगाडी घेऊन माझ्या दारात. पाट्या भरल्या आणि नेल्या. दिवसभर गॅरेजात पिवळं फासत होते. अक्षरं मी निळ्या रंगाने काढली, माझं शेवटचं 'णा' प्रत्येक वेळी पाटीबाहेर जायचं, त्यावरून बोलणी खाल्ली. दर अर्ध्या तासाने मला बजावत होते की मी 'नाही'च म्हणणार आहे, गैरसमज नको. मतदानाच्या मंगळवारपर्यंत दोनशेच्या वर पाट्या लागल्या. मागल्या खेपेला आपण नऊशे मतांनी हरलो होतो, आता एकतीसने. पापांनी सांगितल्याप्रमाणे 'नाही' टाकलं आणि मला मतदान केंद्राबाहेर कॉफी आणून दिली.

मग सोमवारी सभा झाली. विषय: रात्रीचा वर्ग बंद करणे. ठराव माझ्याच सहीचा. पापा माईकपाशी आले. नाव एमिल कोवालिक, राहणार फर्नवुड रस्ता. मला वाटलं, गालिचा. गालिचा आलाच, पण मग म्हणाले की सव्वीस वर्षं मी तुमची मुलं या शाळेच्या दारापर्यंत आणून सोडली, आत कधी बसलो नाही. दहावीत असताना बाप आजारी पडला आणि मी पोलादाच्या गिरणीत गेलो. हे माझ्या मुलांनाही सांगितलेलं नाही, समोर बसलीय तिलाही आत्ताच कळतंय. मी 'नाही' मत दिलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, कारण गालिचा. पण वर्ग बंद करू नका. फुकट परवडत नसेल तर फी लावा. माझा मुलगा चार हजार मैलांवरून त्या वर्गासाठी येतोय, आणि त्याला शेजारी ओळखीचं कुणीतरी हवं.

तीन मिनिटं केव्हाच झाली होती. घंटी माझ्या हाताखाली होती. मी वाजवली नाही, रूडी. नियम मोडला, आणि कुणी हरकत घेतली नाही. शेवटचं आभारी आहोत, मिस्टर कोवालिक, हे माझ्याऐवजी उपाध्यक्षांनी म्हटलं.

ठराव बदलला. माणशी नव्वद डॉलर फी, ख्रिसमसच्या सुट्टीआधी नऊ जणांनी भरली तर वर्ग चालेल, नाहीतर बंद. आज सात जणांची आलीय. पापांनी नाव दिलंय पण पैसे भरत नाहीत. म्हणतात, पोरगा खरंच येतोय असं दिसल्याशिवाय मी एक डॉलर सोडणार नाही, सात कामं सोडून पळालेला आहे तो. मी त्यांचे भरते म्हटलं तर अध्यक्षांनी स्वतःच फी भरणं बरं दिसत नाही, असं मलाच शिकवलं.

बहिणीची आठवण असू दे. आणि ये.
मार्लीन


अलास्का,
४ डिसेंबर १९९७

ती. मार्ली, नमस्कार वि. वि.

एकतीस! मला आणखी बत्तीस मतं असती तर! जेवणाच्या खोलीत मोठ्याने वाचत होतो, पण माईकपाशी आल्यावर पुढचं मनात वाचलं. टेक्सासवाला विचारत राहिला, मग काय, मग काय. मी बाहेर धक्क्यावर जाऊन आलो आणि मग त्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझा बाप भारी आहे, फक्त गालिच्याचं आता सोडा म्हणावं. मी म्हटलं, ते शक्य नाही.

लहानपणी मी गृहपाठ घेऊन गेलो की पापा म्हणायचे, मार्लीला विचार, मला बसची फेरी आहे. संध्याकाळी सात वाजता कसली गं बसची फेरी? मला वाटायचं, त्यांना कंटाळा येतो.

त्यांना सांग, विमानाचं तिकीट काढलंय, तीन जानेवारी. मॅनेजरने रजेवर सही केली. खिडकीजवळची जागा माझी. माझ्या वहीतलं बघून लिहायचं नाही. गणितात ते पास झाले आणि मी नापास, असं झालं तर कुणाला कळवायचं नाही, प्रगतिपुस्तकातसुद्धा. आणि शाळेत चालत जायचं की त्यांनी गाडी काढायची, हे त्यांनी ठरवावं. सवय त्यांची आहे.

तू घंटी वाजवली नाहीस, त्याबद्दल माझ्या वाटचे टोमणे वर्षभर बंद. बाकी मायेत खंड नको.

तुझा,
रूडी

ता. क. सोबत मनिऑर्डर आहे, आठव्या आणि नवव्या माणसाची. माझे नव्वद आणि मिस्टर एमिल कोवालिक, राहणार फर्नवुड रस्ता, यांचे नव्वद. एकूण एकशे ऐंशी डॉलर.