माझ्या वाट्याची दिल्ली

आबा, मागच्या महिन्यात मी जिंकले. दिल्लीच्या बाजूनं खेळून पानिपत जिंकले, आणि तेही तुमच्या लाडक्या लेकाला हरवून. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं खूपदा वाटलं, पण रडगाण्यापलीकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. तेव्हा निवांत ऐका, मधेच ‘मुद्द्याचं बोल’ म्हणू नका. तुमची ती सवय मला तेव्हाही आवडायची नाही.

तुम्ही पिरंगुटच्या फाउंड्रीत पॅटर्न बनवायचात. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचं लाकडी रूप घडवायचं, ते काम. उरलेले सागवानाचे तुकडे डब्याच्या पिशवीतून घरी यायचे आणि त्यातून हत्ती निघायचे, घोडी निघायची, बोटाएवढे तिरंदाज निघायचे. रविवारी जेवणं उरकली की भरे गावातल्या आपल्या घराच्या पडवीत दोन पिंपांवर जुनं दार आडवं टाकायचं आणि त्यावर पहिलं पानिपत मांडायचं. काड्यापेट्यांच्या गाड्या, एकमेकींना चामड्याच्या वादीनं बांधलेल्या, त्यांच्या मधे मधे तोफा, ते काबूल. समोर हत्ती आणि दार भरून उरेल एवढं पायदळ, ती दिल्ली. घोड्याची चाल एक फूट, पायदळाची अर्धा, हत्तीची त्याहून कमी. मेलं का वाचलं ते चार चिंचोके टाकून ठरवायचं. चिंचोकेही तुम्हीच दगडावर घासून एका अंगानं पांढरे केलेले. पानिपत म्हटलं की शेजारचे तात्या डोकवायचे, “ह्यात आपलं कोण हाय?” तुम्ही म्हणायचात, “ह्यात आपलं कुणीच न्हाई, तात्या. आपलं ते लई नंतरचं. आपली माणसं मधी आली की डोकं चालत न्हाई, नुसतं रडू येतंय.” तात्या हिरमुसून निघून जायचे.

काबूल कायम माझ्या धाकट्या भावाला. मला कायम दिल्ली. “तू थोरली हायेस, मोठी फौज तुझी,” असं तुम्ही म्हणायचात, आणि मी तीन वर्षांनी मोठी असण्याची ती शिक्षा दर रविवारी भोगायचे. कारण तोफ उडाली की हत्ती बिथरायचे, वळायचे आणि माझंच पायदळ तुडवायचे. नियमच तसा होता. उरलेली घोडी मी जिवाच्या आकांतानं गाड्यांवर घालायचे आणि ती नखभर कमी पडायची. तुम्ही वाकून, एक डोळा मिटून बघायचात. “पोचलं न्हाई.” मग त्याची पाळी, आणि मग संपलंच सगळं. तो दात काढत हसायचा. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचात, “ह्याला नजर हाय.” आबा, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल! मला मात्र तुम्ही कधी म्हणाला नाहीत की तुला नजर आहे. मला म्हणायचात, “तू घाई करतीस.”

मोजायला त्याच्याकडं शाळेची लाकडी पट्टी. माझ्याकडं तुम्ही कारखान्यातून आणलेली स्टीलची. दिलीत त्या दिवशी तुम्ही म्हणालात, “ही दिल्लीची. दुसऱ्या कुणाला द्यायची न्हाई आन दुसऱ्याची घ्यायची न्हाई.” तेवढीच काय ती माझी मिरवण्यासारखी गोष्ट होती.

मी सातवीत असतानाचा तो रविवार तुम्ही विसरला असाल, मी नाही. एकाच डावात तीनदा माझी घोडी नखभर कमी पडली. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, “ह्याची पट्टी खोटी हाय! ह्याचं सगळं पोचतंय आन माझंच कसं पोचत न्हाई? दोन्ही शेजारी ठिवून बघू!” आणि त्याच्या हातातून पट्टी ओढली. तुम्ही आम्हाला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी माझं मनगट असं धरलंत की बोटं उमटली. “ठेव ती खाली. हरल्यावर मापं काढायची न्हाईत.” मी आत पळाले. आई तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, “अगं, खेळ हाय तो.” मी म्हटलं, “त्याच्यासाठी असंल.” त्या दिवसापासून माझ्या मनात पक्कं बसलं की तुम्ही त्याला पाठीशी घालताय. त्याची पट्टी लांब आहे, तुम्हाला ते माहीत आहे, म्हणूनच दोन पट्ट्या शेजारी येऊ दिल्या नाहीत. मग दहावीत त्याला मार्क जास्त पडले, इंजिनिअरिंगला तो गेला आणि मी ह्याच गावात दिली गेले. जे जे घडलं त्या सगळ्याचं मूळ मी त्या पट्टीत शोधलं. हसू नका. मनात एकदा खुपलं की खुपतच राहतं.

तुम्ही गेल्यावर हत्ती-घोडी सगळी तो घेऊन गेला, बावधनला. मला विचारलंसुद्धा नाही. आता ती काचेच्या कपाटात आहेत, आत पिवळा दिवा. पट्टी तेवढी माझ्याकडं राहिली, कारण ती शिवणाच्या डब्यात होती आणि तिथं त्याचा हात कशाला जातोय. आम्ही खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात, त्यांचे पडदे मी घरीच शिवते, त्याला ती वापरायचे.

त्याच्या सोसायटीच्या क्लबहाउसात आता दर महिन्याला हा खेळ मांडतात. आयटीवाली पोरंपोरी येतात, मशीनवर छापलेले शिपाई आणतात, प्रत्येकाच्या मिशा वेगळ्या रंगवलेल्या. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. “ताई, ये ना. पहिलं पानिपत लावतोय. बाबांच्या आठवणीत.” बाबा! तुम्ही कधी झालात हो बाबा? तरी मी गेले. सगळ्यांसमोर उभा राहून तो सांगत होता, “आमचे बाबा कारखान्यात कामाला होते. रविवारची सुट्टी ते घालवायचे मला हा खेळ शिकवण्यात. मला.” मी पुढच्याच खुर्चीवर बसले होते, आबा. नव्या साडीत. एका मुलीनं मला विचारलं, “आँटी, तुम्ही पण बघायचात का?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “बघायची न्हाई, खेळायची. दिल्ली मला द्या.”

सगळे गुंडाळायच्या टेपनं मोजत होते. मी पिशवीतून आपली पट्टी काढली. तो हसला, “असू दे, असू दे, ताईचं सेंटिमेंट आहे.” आणि खेळ सुरू झाला. ह्या वेळी मी घाई केली नाही. हत्ती जागचे हलवलेच नाहीत, बिथरणार कशाला? गाड्यांवर डोकं आपटायला गेले नाही. त्याचे तिरंदाज नेहमी दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागं येतात, ती वाट मी घोड्यांनी धरली. तासभर तो हसत होता, मग हसायचा थांबला. शेवटी माझी घोडी आणि त्याचे उजवीकडचे तिरंदाज समोरासमोर. मी पट्टी ठेवली. घोडं टेकलं. मधे केसभरही फट नाही. तो वाकला, एक डोळा मिटला, अगदी तुमच्यासारखा, आणि म्हणाला, “पोचलं.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येईपर्यंत बसमध्ये एकटीच हसत होते. पिरंगुट कधी आलं ते कळलं नाही.

पंधरा दिवस मी हवेत होते. मग आपल्या तीन नंबरच्या खोलीत राहतो तो भाडेकरू, फाउंड्रीतच आहे, बिहारकडचा, पाण्याच्या टाकीचं विचारायला आला. मी पडद्याचं कापड पसरून बसले होते. पट्टी उचलून त्यानं उलटसुलट केली. “दीदी, ये आपके पास कहाँ से आया? ये घर का नहीं है. ये पॅटर्नवालों का है, इसमें फुट बड़ा होता है.” मला काही कळेना. त्यानं नीट समजावलं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढं मोठं करावं लागतं, म्हणून त्यांच्या पट्टीवरचा इंचच जरा मोठा असतो. “इसपे नंबर लिखा रहता है. किसी ने घिस दिया,” असं म्हणून त्यानं टोकाची चकचकीत जागा दाखवली. कानशीनं घासलेली. मी ती जागा इतकी वर्षं झिजलेली समजत होते.

तो गेल्यावर लेकीची शाळेतली पट्टी काढली आणि ओट्यावर दोन्ही शेजारी ठेवल्या. जे तुम्ही मला करू दिलं नव्हतं ते केलं. पाव इंच. माझा फूट पाव इंच मोठा होता, आबा. दिल्लीचा फूट. पडदे दरवेळी बोटभर लांब का होतात तेही तेव्हाच कळलं.

आधी मला एवढा आनंद झाला म्हणता! तुम्ही माझ्या बाजूचे होतात. नंबर घासून, कुणाला कळू न देता, तुम्ही मला दर चालीला पाव इंच देत होतात. मनगट धरलंत ते त्याला वाचवायला नाही, मला वाचवायला. ओट्याला टेकून रडले मी. आणि मग डोळे पुसता पुसता दुसरं लक्षात आलं. पाव इंच जास्त मिळूनही मी हरायचे. दर रविवारी. आणि तो पोरगा, तीन वर्षांनी लहान, खऱ्या फुटानं मोजून जिंकायचा. म्हणजे त्याला खरंच नजर होती. आणि परवाचं माझं घोडं टेकलं ते कुणाच्या जोरावर? आधी आनंद झाला त्याच्या दुपटीनं माझा जळफळाट झाला. कदाचित तुम्ही माया म्हणून दिलंच नसेल. दुबळ्या बाजूला थोडं झुकतं माप, खेळ रंगावा म्हणून. तुमच्यातल्या कारागिराला तेच सुचलं असेल. सांगा ना, काय होतं? पण सांगणार कोण!

काल त्याचा फोन आला. “ताई, ती पट्टी मला दे ना. कपाटात हत्तींच्या शेजारी ठेवतो. तुझं नाव लिहीन खाली, दिल्लीची विजेती म्हणून.” हे सगळं माझ्या ओठावर आलं होतं. सांगितलं, तर तुम्ही कुणाच्या बाजूचे होतात ते त्याला एकदाचं कळेल. पण माझं जिंकणं जाईल. नाही सांगितलं, तर जिंकणं राहील आणि तो त्या पोरांना ‘मला शिकवायचे, मला’ असंच सांगत राहील. मी म्हटलं, “हरवली रे. बसमधी राहिली असंल.” तो हळहळला. म्हणाला, “जाऊ दे, तू परत ये मात्र. तू खेळतेस तेव्हा बाबा, आपलं, आबा समोर बसल्यासारखे वाटतात.” मी फोन ठेवला.

हे पत्र त्याच्या हाती लागता कामा नये, म्हणून हे लिहून झालं की चुलीत जाईल. तुम्हाला पोचलं तर तिथूनच पोचेल. पण खरं सांगायचं तर मी गप्प राहिले ते जिंकणं जाईल म्हणूनही नाही. तुम्ही गुपचूप मला झुकतं माप देत होतात हे मी सांगितलं असतं तर तो रडला असता. माझा भाऊ, एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा रडला असता, आणि आबा, मला ते बघायला फार आवडलं असतं.