कुंपणाबाहेरची आई

शनिवार, ४ मार्च

घसा पार बसलाय! सॉफ्टबॉलची मॅच हरलो, सात–दोन. तारेच्या कुंपणाला चिकटून दोन तास ओरडत होते — "बॅट वर! गुडघे वाकव! अगं, लक्ष कुठाय!" टिल्लीने, माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने, सोपा कॅच सोडला आणि चेंडू शोधायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. येताना गाडीत त्या कॅचवर अख्खं व्याख्यान दिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. नवरा म्हणाला, "अगं, श्वास तरी घे!"

सोमवार, ६ मार्च

औषधांच्या दुकानात काउंटरमागे मी, आणि गिऱ्हाईकच मला खोकल्याचं औषध सुचवतंय!

बुधवार, ८ मार्च

कोचने सगळ्या आईबापांना मैदानावर बोलावलं. दिवसभर सुतारकाम करणारा माणूस, बोलणंही मोजूनमापून. मला वाटलं, नव्या टीशर्टांचा विषय असेल. तर म्हणे, "आज तुम्ही खेळायचं. पोरं कुंपणाबाहेरून ओरडणार."

सगळे हसलो. मग माझी पाळी आली. बॅट हातात धरते न धरते तोच — "काकू, कोपर वर!" "गुडघे, गुडघे!" "अहो काकू, झोपलात का?" पोरं नुसती चेकाळली होती. पहिला चेंडू आला कधी, गेला कधी, कळलंच नाही. दुसरा हुकला. तिसऱ्याला बॅट फिरवली आणि मीच गिरकी घेऊन धपकन खाली! सगळे खिदळत होते. टिल्ली सोडून. ती तोंडावर हात ठेवून उभी होती. लागलं ते तेच — गुडघ्याचं काय, फुंकर मारली की झालं.

कोच एवढंच म्हणाला, "ताई, इतक्या गोंगाटात चेंडू दिसतो का हो?"

नाही दिसत.

नियम ठरला. ओरडायचं तर फक्त कौतुक, तेही सगळ्याच पोरांचं. आणि गाडीत खेळाचा विषय पोरांनी काढला तरच.

शनिवार, ११ मार्च

पुन्हा हरलो. पण तोंडाला कुलूप! आमच्याकडून चेंडू टाकणारा, आमचा पिचर लांब्या — हडकुळा, उंच पोरगा — चेंडू भलतीकडे गेल्यावर रडायलाच लागला. टिल्लीने पळत जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. कोणी शिकवलं हिला? मी तर नक्कीच नाही.

गाडीत जीभ चावून चावून दुखायला लागली. शेवटी टिल्लीच म्हणाली, "आई, लांब्या म्हणतो, काकू पडल्या ना, एक नंबर पडल्या!" हसून हसून गाडी बाजूला घ्यावी लागली.

शनिवार, १८ मार्च

जिंकलो!! पाच–चार! इतक्या टाळ्या पिटल्या की समोरच्या संघातल्या पोरीचंही कौतुक करून बसले. तिची आई बघतच राहिली.

शनिवार, २५ मार्च

टिल्लीने संघ सोडला. सकाळी चहा घेत होते, समोर येऊन उभी राहिली. "आई, मला सगळी पोरं आवडतात. खेळ नाही आवडत. कधीच नव्हता. सांगायची भीती वाटायची."

"आणि आता?"

"आता नाही वाटत."

चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, "बरं केलंस, सांगितलंस."

ती चित्रं काढायला बसली. दहा वाजता मी मैदानावर. एकटीच. लांब्या कुंपणाशी आला — "काकू, टिल्ली नाही येणार ना?"

नाही रे. मी आलेय.