४६०० च्या खणात राहिलेले घड्याळ

स्वस्तिश्री समस्तपर्वतलोहमार्गधुरंधर, गाडीद्वयाधिपती, घाटवळणविशारद, आमच्या ज्येष्ठ भगिनीचे भाग्यविधाते, श्रीमंत तोकुजी ओगिसो दाजीसाहेब यांचे चरणी, उपनगरी मोटरमन यासुहिको मिकुरिया याचा कमरेतून नव्वद अंश लवून प्रणिपात.

ताईचे गुडघे कुरकुरत नसतील आणि तुमच्या दरीतले बर्फ उतरले असेल, अशी आशा आहे. इकडील क्षेम लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून लिहितो. प्रत्यक्षात चार दिवस मी पोटदुखीच्या निमित्ताने अंथरुणावर आहे. (पोट उत्तम आहे. आमची अर्धांगी नोबुए मात्र भाताच्या पातळ पेजेखेरीज काही देत नाही. "दुखतंय ना? मग गिळा मुकाट्यानं," एवढेच तिचे वैद्यकशास्त्र.)

कारण असे. गेल्या बुधवारी आमच्या ४६०० प्रकारच्या अखेरच्या गाडीस निरोप दिला. तीच आता तुमच्या कंपनीकडे आली आहे. एकोणतीस वर्षे मी ती हाकली. तारुण्यात ती पळताना गुणगुणे, पुढे कण्हू लागली. (आमचा संसारही त्याच वेळापत्रकाने चालला.) फलाटावर दोनशे छायाचित्रकार जमले होते. गाडीतून उतरताना चालकाने सोबत न्यायच्या प्रत्येक वस्तूकडे बोट रोखून तिचे नाव मोठ्याने उच्चारावे, असा नियम. मी ब्रेकचा दांडा उच्चारला, पिशवी उच्चारली, आणि शेवटी समोर बोट रोखून शास्त्रोक्त स्वरात "काही राहिले नाही" अशी घोषणा केली. राहिले होते ते कंपनीचे, क्रमांक कोरलेले खिशातले घड्याळ. (डोळ्यांत धूळ गेली होती. अश्रू नव्हते.) घरी येऊन खिसा चाचपला, तोवर गाडी डोंगराच्या वाटेला लागली होती.

तुम्ही जाणताच, हजेरीला घड्याळ भिंतीवरच्या प्रमाण घड्याळाशी जुळवून दाखवल्याविना गाडी हाती मिळत नाही. गुरुवारी माझी रजा संपते. हरवल्याची नोंद झाली, तर नव्या गाडीवरचे माझे प्रशिक्षकपद जाईल आणि उरलेली सहा वर्षे हरवलेल्या वस्तूंच्या कक्षात जातील, जिथे अग्रपूजेचा मान माझाच असेल.

तरी दाजी, पहिल्या डब्यात चालकासमोर, गाडी हाकताना घड्याळ ठेवायच्या उघड्या खणात पाहावे, आणि वाळवलेल्या अळंब्यांच्या पुडक्यात दडवून तातडीच्या टपालाने पाठवावे. (फोन करत नाही, तुमच्या कार्यालयातला फोन अख्ख्या खोलीस ऐकू जातो.) मागे तुम्ही विचारले होते, "शहरातलं भंगार आमच्याच गळ्यात का रे, यासू?" त्यावरचे माझे उत्तर सविनय परत घेतो.

ता. क. पाकीट चिकटवतो तोच आमचे प्रमुख हिराइवा खरबूज घेऊन समाचारास आले. वर्तमानपत्रात माझे छायाचित्र आले आहे: गालांवरून धूळ ओघळते आहे, पांढऱ्या हातमोज्यातले बोट ताठ आहे, आणि बोटाच्या अचूक रोखाने, खणात, घड्याळ चकाकते आहे. "असं बोट रोखणं आजकालच्या पोरांना जमत नाही, मिकुरिया," म्हणाले. ते मोठे करून त्यांनी हजेरीच्या खोलीत लावले आहे, प्रमाण घड्याळाच्या अगदी शेजारी. अद्याप कोणाच्या काही लक्षात आलेले नाही.

आणखी ता. क. चित्र बोळात हलवावे, अशी मी विनयपूर्वक विनंती केली. बोळात खिळा एकच, आणि त्यावर दोन वर्षे एक छत्री टांगलेली आहे. ती आपण विसरलो, हे सांगायला कोणीही तयार नाही.