आखाडा पन्नास सेकंद मागे

प्रति,
मा. अध्यक्षा, शिस्तपालन समिती,
इझार मराठी मंडळ, उंटरश्लाइसहाइम

विषय : श्री. भास्कर घोडके यांचे निलंबन रद्द करून ती शिक्षा अर्जदारास देणेबाबत.
संदर्भ : समितीचा दि. २३ मार्चचा ठराव.

महोदया,

अर्जदार जयंत मोहिते सविनय कळवतो, की धाकट्या भावाचे तेरावे उरकून तो गावाहून परतला, तेव्हा हा ठराव हाती पडला. त्यात चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आहे. वर मंडळाची मालमत्ता वाचवल्याबद्दल अर्जदाराचे अभिनंदन! ते अर्जदार तोंडावर परत करत आहे, याची इतिवृत्तात नोंद व्हावी.

१. दि. ९ मार्च रोजी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये गावच्या जत्रेतील कुस्त्या इंटरनेटवरून दाखवल्या. शेवटची कुस्ती अर्जदाराचा भाऊ मल्हार विरुद्ध भास्कर यांच्या गावाकडच्या तालमीतला पैलवान अशी होती. असली प्रक्षेपणे जुळवणे हीच अर्जदाराची नोकरी. चित्र अडकले तर लोक नावे ठेवतील, म्हणून त्याने ते पन्नास सेकंद साठवून उशिरा सोडले. चित्र एकदाही अडकले नाही आणि अर्जदार फुशारून गेला होता.

२. भास्कर यांना असे शिळे बघणे मानवत नाही. ते मागे बसून, मैदानाच्या कडेला असलेल्या मित्राच्या व्हिडिओ कॉलवर तीच कुस्ती ताजी बघत होते. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आले नाही.

३. पडद्यावर मल्हार वरचढ असताना भास्कर धावत आले आणि त्यांनी प्रोजेक्टरची केबल उपटली. आपला गडी हरतोय म्हणून यांच्या पोटात दुखले, असे सगळ्यांना वाटले. समितीनेही तेच लिहिले. अर्जदाराने कॅमेऱ्याचा लोखंडी स्टँड उचलून त्यांच्या तोंडावर हाणला. पडले तरी ते केबल सोडेनात, म्हणून दुसरा घाव जबड्यावर घातला. दात फरशीवर सांडले. शेजारच्या रांगेतल्या क्षितिजाताई आडव्या आल्या, त्यांनाही ढकलले. भास्कर रक्ताच्या तोंडाने काहीतरी सांगत होते. ऐकतो कोण!

४. मग अर्जदाराने स्वतःच्या हाताने केबल जोडली आणि सगळ्यांना खाली बसवले. हे सारे पन्नास सेकंदांच्या आत झाले. पडद्यावर मल्हार डोक्यावर आदळला, त्याची मान मोडली आणि तो पुन्हा हलला नाही. पहिल्या रांगेत अर्जदाराची आई बसली होती.

५. काल अर्जदार क्रांकनहाउसमध्ये, म्हणजे इथल्या जर्मन इस्पितळात, गेला. भास्कर यांचा जबडा तारांनी बांधला आहे. डॉक्टरांना त्यांनी जिन्यावरून पडलो असे सांगितले आहे, अर्जदारावर बालंट नको म्हणून. त्या दिवशी काय सांगत होतास, असे विचारल्यावर त्यांनी लिहून दिले : "काकू पुढे बसल्या होत्या. त्यांनी बघू नये, एवढंच."

६. तरी ठराव रद्द व्हावा, अभिनंदन खोडावे आणि अर्जदारास मंडळातून कायमचे काढावे. पोलिसांत त्याने आज स्वतः जबाब दिला आहे.

७. आई तेराव्यानंतर गावीच राहिली आहे. लेकाचे शेवटचे वरचढ असणेही भास्करला बघवले नाही, म्हणून त्याने केबल उपटली, असे ती धरून बसली आहे आणि येता-जाता त्याला तळतळाट देते. समितीने तिला शिक्क्यानिशी पत्र लिहून खरे काय ते कळवावे. अर्जदाराने तीनदा फोन लावला. "बोल बाळा," असे ती म्हणाली, की त्याची जीभ उचलत नाही.

होईल ती शिक्षा मान्य असलेला,
जयंत मोहिते
दि. ३० मार्च २०२५

सोबत : भास्कर यांच्या हाताची चिठ्ठी (मूळ प्रत, आईला पाठवावी)