गाठीतलं एक अक्षर

४ मे, सोमवार

धाकट्या भावाचा, नेल्सनचा अहवाल आला. त्याच्या अस्थिमज्जेत रक्त बनेनासं झालंय. टेलोमरेज या विकराच्या आरएनएच्या जनुकात एक अक्षर बदललेलं — ‘जी’च्या जागी ‘ए’. डॉक्टर म्हणाले, हा बदल कुठेच नोंदलेला नाही, निरुपद्रवीही असेल. माझी मज्जा जुळते. वीस तारखेला देणार!

"तुझी मज्जा घेऊन मीही तुझ्यासारखा कटकट्या होणार, ताई," म्हणाला.

७ मे

अकरा वर्षं मी याच जनुकावर काम करतेय. आज भावाचं अक्षर सगळ्या सस्तन प्राण्यांच्या रांगेत लावून पाहिलं. या आरएनएपासून प्रथिन बनत नाही. तो स्वतःच घड्या घालून गाठ मारतो, आणि त्या गाठीच्या आधारानं गुणसूत्रांची झिजलेली टोकं पुन्हा भरली जातात; नाहीतर रक्त बनवणाऱ्या पेशी थकतात. बाकी जनुक कितीतरी बदललंय — उंदरात तर सुरुवातच गळून गेलीय. पण गाठीतलं हे अक्षर? आमच्याकडचा कवचवाला मुलिता, वटवाघूळ, देवमासा, गाय, माणूस... सगळीकडे तेच.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मिर्ताबाईंनी संगणकाचा पडदा पाहिला, ‘माते’ या कडवट पानांच्या चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला.

"कोट्यवधी वर्षं जे हललं नाही, ते बिनकामाचं कसं असेल गं?" मग हळूच — "तुझं तपासलंस?"

८ मे

तपासणीसाठी रक्त दिलं.

१४ मे

माझ्यातही तोच बदल.

आईचे केस तिशीत पांढरे झाले, माझे बाविसाव्या वर्षी. घराण्याची ठेवण म्हणून हसायचो आम्ही; ती याच अक्षराची खूण होती. माझी मज्जा त्याला चालणार नाही, तीही आतून थकलेलीच. नेल्सनला सांगितलं. त्यानंच माझा हात धरला.

"म्हणजे तुलाही जपायला हवं," म्हणाला.

१५ मे

दूर साल्तो शहरात झुल्माला फोन केला. आमची थोरली बहीण. आईच्या शेवटच्या आजारपणात भांडलो, तेव्हापासून सहा वर्षं अबोला. म्हणून तर तिला मज्जेसाठी विचारलंच नव्हतं. तिला सगळं सांगितलं. मग ती नवऱ्याला विचारताना ऐकू आली, इकडे मोन्तेविदेओला येणारी पहिली बस किती वाजता सुटते ते.

१७ मे

आली. पिशवीभर संत्री घेऊन. नेल्सनला आधी रागावली, मग सोलून फोडी भरवत बसली. माझ्याशी अजून कामापुरतंच. पण जाता जाता माझ्या कोटाची कॉलर सरळ केली.

२६ मे

झुल्माचं अक्षर शाबूत आहे. मज्जाही जुळते, आम्हा दोघांशीही. ती डॉक्टरांना विचारत होती, "एकदा याला, आणि पुढेमागे लागली तर हिलाही — पुरेल ना माझी?"