मामाच्या नावावर लावलेला

माय, तुझं ते कायमचंच, "त्यांचं ऐक, त्यांच्यावर घर चालतंय." मग माझं कुणी ऐकायचं? परवा तुझ्या नवऱ्याचा फोन आला. पुन्हा निवडणुकीला उभं राहायचंय, आणि विरोधकांनी हरकत घेतली की यांना तीन लेकरं हायेत. दोनाच्या वर असली तर उभं राहता येत न्हाई, म्हणून तर मला जन्मल्याबरोबर तुझ्या भावाचा पोरगा म्हणून लावलं. मला म्हणतात, "तू मामाचाच हायस, एवढं निवडणुकीच्या साहेबांपुढं येऊन सांग. तुझं काय जातंय बे?"

काय जातंय ते तुला ठाऊक होतं. शिरूरच्या बाजारात मी "माय" म्हणून हाक मारली, तर कार्यकर्त्यांदेखत तू दंडाला चिमटा काढलास. "आत्या म्हण." तोंडावर हसू, बोटं मात्र सोडत न्हाईत. संध्याकाळी मी चुलीपुढं रुसून बसलोय, तू गरम भाकरीवर लोणी ठेवतेस आणि म्हणतेस, "मला तरी कुणी इचारलं होतं? ऊसतोडीत कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागती, म्हणून चकलांब्याहून लगीन लावून आणली. अंगाची हळद गेली नव्हती, तवर उसाच्या फडात उभी." तेव्हा तेही नुसतेच ऊस तोडायचे. पुढं मुकादम झाले, मग पंचायत समितीवर गेले, आणि तू वहिनीसाहेब झालीस. स्टेजवर तू हात पदराखाली धरायचीस, घट्टे दिसू नयेत म्हणून. मला ते हात लई आवडायचे.

दोन पोरींवर झालेला एकुलता पोरगा मी. आणि तू गेलीस तेव्हा तुला अग्नी माझ्या चुलत भावानं दिला. मी मामाच्या मागं, पाहुण्यांत उभा.

फोनवर म्हणालो, "मी खोटं बोलणार न्हाई." तर म्हणे, "मग सीट गेली समज. तुझ्या मायनं एवढं सोसलं, घाल पाण्यात." तेव्हापासून झोप न्हाई. तू सोसलंस ते सीटसाठी, का दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून? हे तुला कधी विचारलं न्हाई, आणि हा कागद तरी कुठं टाकू? मी आपलं माझ्यापुरतं ठरवलंय, जायचं न्हाई. इथं परराज्यात, मोरबीला, टाइल्सच्या भट्टीवर, कुणी विचारलं तर सांगतो, माय वारली, बाप हाय.

येण्याजाण्याला त्यांनी फोनच्या आधीच माझ्या खात्यावर पाच हजार टाकले होते. खरं सांगतो, न्हाई म्हणालो तरी त्याच दिवशी मी तिकीट काढलं, पिशवी भरून स्टेशनावर गेलो, आणि गाडी समोरून जाऊ दिली. त्यात आठशे गेले. बाकीचे आज परत पाठवतोय. चार हजार दोनशे.