साहेबाच्या कुंडाचं पाणी

बर दुबई,
१२ नोव्हेंबर १९९९

ती. सूर्यकांतमामांस सिद्धार्थचा दंडवत.

तुमचा दमा, मामीचा मोतीबिंदू आणि तुम्हा दोघांचं भांडण, तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा आहे. इकडे विद्युल्लता आणि पर्णिका खुशाल आहेत. मीही बरा आहे, निदान कालपर्यंत होतो. त्याचं कारण पुढे येईल.

मामा, कंपनीनं मला एअर कंडिशनिंगच्या ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलं होतं (गारवा कसा करायचा हे शिकायला आधीच गारठलेल्या देशात पाठवणं आमच्या मॅनेजरलाच सुचतं). रविवारी सुट्टी होती, म्हणून एकटाच आगगाडीनं बाथ नावाच्या जुन्या गावी जायचं ठरवलं. तिथे रोमन लोकांनी बांधलेली गरम पाण्याची कुंडं आहेत. हे मी आईला आधी फोनवर सांगितलं, तीच चूक. तुमच्या बहिणीचे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेतच. वज्रेश्वरीजवळ अकलोलीला, म्हणजे ऐन माहेरी गरम कुंड असून तिनं त्यात कधी पाय बुडवला नाही ("आमचा सूर्या जिथे लंगोट धुतो ते पाणी मी गुडघ्यांना लावू?"). पण साहेबाच्या कुंडाचं नाव काढताच म्हणाली, ते पाणी आण, गुडघे चालले तर दुबईला येते. मी तिला पाच वर्षं बोलावतोय आणि पाच वर्षं ती आमच्या बिनलिफ्टच्या तीन जिन्यांचं कारण सांगते. तेव्हा पाणी आणणं भाग होतं.

मी पँटच्या आत पंचा नेसून, पिशवीत टॉवेल आणि खोबरेल तेल घेऊन पोचलो. कुंड म्हणजे आंघोळ, त्यात विचारायचं काय? दारात प्रत्येकाला टेलिफोनसारखं एक यंत्र देतात, ते कानात इतिहास सांगत राहतं. तो ऐकत ऐकत मी काठावर बूट काढले, मोजे काढले, पट्टा सैल केला आणि पँट गुडघ्यापर्यंत आणली, तेवढ्यात गणवेशातल्या एक बाई धावत आल्या. अतिशय नम्रपणे म्हणाल्या की इथे आंघोळ बंद आहे, पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही. (आपल्याकडे शिव्या देऊन हाकलतात, तिकडे सॉरी म्हणून. हाकलतात दोघेही.) एका जपानी कुटुंबानं माझा फोटो काढला. त्यांच्या अल्बमात मी आता रोमन म्हणून असेन.

मग नुसतं बघणं आलं. देवी आहे, तिचं देऊळ आहे, नवसाची नाणी आहेत, सगळं आपल्यासारखंच. शिवाय शिशाच्या पत्र्यांवर लोकांनी देवीला लिहून दिलंय की मी आंघोळ करत असताना ज्यानं माझे कपडे चोरले त्याचं वाटोळं कर. मला तुमची फार आठवण झाली. कुंडावरून तुमचा लेंगा गेला, तेव्हा टॉवेलवर घरी चालत येताना तुम्हीही चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. पत्र्यावर लिहून ठेवला असतात तर आज म्युझियममध्ये असतात.

शेजारी झुंबरं लावलेलं एक हॉटेल आहे, तिथे तेच पाणी पेल्यातून देतात. कोमट, आणि चव खिळे उकळल्यासारखी. समोर व्हायोलिन वाजतंय, आणि मी एक पेला कसाबसा पिऊन बाकीचे टेबलाखाली एका निळ्या बाटलीत ओततोय (बाटली मुद्दाम दुकानातून घेतली, गावाचं चित्र आणि इंग्रजी अक्षरं असलेली, म्हणजे आईचा विश्वास बसेल). वाढणाऱ्या आजीबाईंना माझी तहान बघून गहिवरून आलं, त्या न मागता पेले आणत राहिल्या. बूच लावलं आणि लगेच आईला फोन केला, पाणी मिळालं. तिनं दुसऱ्या दिवशी पासपोर्टसाठी फोटो काढून घेतले आणि विरारभर बातमी केली.

बाटली इथे आणून फ्रीजमध्ये ठेवली होती. काल बघतो तर ती ओट्यावर उपडी. पर्णिका म्हणाली, "पप्पा, इट वॉज स्मेलिंग लाइक रॉटन एग्ज. आय थ्रू इट." विद्युल्लता म्हणाली, "पोरीनं न सांगता बाटली घासून ठेवली, त्याचं काही कौतुक आहे का तुला?" मी केलं कौतुक. काय करणार?

बाकी सर्व ठीक. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा,
सिद्धार्थ

ता. क. आमच्या ऑफिसातला वसईचा हेन्री सुट्टीवर येतोय, हे पत्र त्याच्याच हाती देतोय. सोबत ती निळी बाटली आहे. ती अकलोलीच्या कुंडात भरून (लंगोट धुण्याआधी) परत त्याच्याकडे द्या, तो आईला नेऊन देईल. तुम्ही स्वतः जाऊ नका, तुम्हाला हसू आवरत नाही. वासाची काळजी नको. मी दोन्ही पाणी प्यायलोय, वास तोच आहे.

ता. क. २. मामा, थट्टा पुरे. गुडघे बरे होवोत न होवोत, तिनं यावं. मला तिची फार आठवण येते. तीन जिने मी तिला पाठुंगळीला घेऊन चढेन, पण हे कळलं तर ती लाजेनं यायचीच नाही. तिला एवढंच कळू द्या की पाणी साहेबाचं आहे.